तुझ्या पहाटेचं पाणी

इंदू,

तू गेलीस त्या पहाटेही वेळेवर उठली होतीस, असं तुझा हरी सांगतो. रात्री तांब्याच्या गडूत झाकून ठेवलेलं पाणी प्यालीस, पदर खोचलास आणि बायका बांधावर जमल्या तेव्हा त्यांच्या आधी तिथे उभी होतीस. समुद्राकडे जाताना मध्येच म्हणालीस, "डोकं जड हाय ग. तुमी चला, मी येते." एका माडाला टेकून बसलीस. बायका पुढे गेल्या. वळून पाहिलं तर तू आडवी झाली होतीस. शेजारच्या गंगूवहिनीला वाटलं, तू तुझं ते शवासन करते आहेस. मध्ये हाक मारलेली तुला चालत नसे, म्हणून कोणी मारली नाही. परत येताना मारली.

हे सांगताना गंगूवहिनी दर वेळी रडते. मला रडू येत नाही, राग येतो. कोणावर ते ठरत नाही. तुझ्यावर असेल तर आता तुला काय बोलणार? जिवंत होतीस तेव्हा बोलून घेतलं आणि तू ऐकलं नाहीस. माझं खरं होतं असं म्हणून मला काडीचंही समाधान मिळत नाही.

शाळेचे गुरुजी येऊन गेले. वाचनालयाच्या अंकासाठी तुझ्यावर चार शब्द लिहून द्या म्हणाले. तुझा जन्म कुठला, तू बायकांना पहाटे उठायला कसं शिकवलंस, हे ते लिहिणारच आहेत. म्हटलं, ते तुम्ही लिहा. मला जे लिहायचंय ते तिलाच लिहायचंय, छापायचं तर छापा.

तर पहिल्यापासून सांगते. तू मला पहिल्यापासून सांगू देत नसायचीस, "अक्का, मुद्दा बोल," म्हणायचीस. आता थांब जरा.

पहाटेशी तुझं वैर होतं, हे या बायकांतल्या निम्म्यांना ठाऊक नाही. मी तुला, माझ्या धाकट्या बहिणीला, भेटायला सालवडहून इकडे समुद्राकाठी माहीमला यायचे तेव्हा मला जाग यायची ती रहाटाच्या करकरीने आणि तुझ्या शिव्यांनी. पानवेलीला आणि केळीला पाणी लागायचं ते उजाडायच्या आत. तुझे मालक पाट बांधायचे आणि बैलामागे तू. गोल, गोल, गोल. बैलाला शिव्या, मालकांना शिव्या, हरी लहान होता त्याला शिव्या, विहिरीवर आलेल्या कोंबडीलासुद्धा. शेजाऱ्यांना कोंबडा आरवायची गरज पडत नसे. एकदा तू पळी भिरकावलीस ती हरीच्या कानामागे लागली. खूण अजून आहे. तुला विचारलं, एवढी का चिडतेस, तर म्हणालीस, "माझा दिवस उजाडायच्या आतच संपलेला असतो. उरतो तो कचरा."

मालक गेले आणि तू सगळ्यांना न विचारता बैल विकलास. इंजिन आणलंस. माहीमच्या आपल्या आळीतलं पहिलं इंजिन एका बाईने आणलं, याचं मला तेव्हाही कौतुक होतं आणि आजही आहे. दांडा फिरवून ते सुरू करायला तू हरीला शिकवलंस, तू स्वतः आधी शिकलीस. इंजिन पाणी ओढायला लागलं तशी विहीर कमी पडू लागली, म्हणून विहीर खोल करून घेतलीस. तळाची माती वर आली तिच्यात शिंपल्या निघाल्या. हरीने त्या धुऊन अंगणात तुळशीभोवती मांडल्या. सगळ्यांना गंमत वाटली. समुद्र कधीकाळी इथवर होता म्हणे. मी विचारलं होतं, "होता की हाय?" तू म्हणालीस, "तुला सगळीकडे वाईटच दिसतं."

इंजिन आलं आणि तुझी पहाट एकदम रिकामी झाली. हरी दांडा फिरवायचा, पाणी आपोआप पाटात पडायचं, आणि तू ओटीवर हात गाळून बसलेली. रिकामपण कधी पाहिलेलं नव्हतंस ना. त्याच सुमारास शाळेत ते निसर्गोपचाराचं शिबिर झालं. कोणी पांढऱ्या साडीतल्या बाई आल्या होत्या. उजाडायच्या आत उठा, रात्रभर तांब्यात ठेवलेलं विहिरीचं पाणी अनशापोटी प्या, चाला, अंग ताणा, थोडा वेळ गप्प बसा, आणि उठताना एक गोष्ट ठरवा, ती दिवसभर पाळा. शिबिर संपलं, बाई गेल्या, बाकीच्यांचा उत्साह आठवड्यात विरला. तुझा विरला नाही.

मला ते नाटक वाटलं. माझी पहाट आमच्या खाणावळीत जाते. तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर जाणारी माणसं उजाडायच्या आत डबा मागतात. पातेल्यात डाळ, तव्यावर पोळी, दारात दहा जण "काकी, जल्दी करो" म्हणत उभे. त्यात गप्प बसायचं आणि मनात डोकावायचं कधी? तुला म्हटलंसुद्धा, "बसून राहायला इंजिन लागतं घरात." तू शांतपणे म्हणालीस, "मग घे." पूर्वीची इंदू असती तर तिने हातातलं फेकून मारलं असतं. तेव्हाच मला कळायला हवं होतं की या बाईत काहीतरी खरंच बदललंय.

बायका तुझ्या विहिरीवर जमायला लागल्या. मी एकदा मुद्दाम थांबून पाहिलं. प्रत्येकीच्या हातात तुझ्या विहिरीच्या पाण्याचा तांब्या. पिऊन झालं, चालून झालं, मग ओळीने बसून एकेकीने दिवसाचं ठरवायचं.

तू म्हणालीस, "आज सुनेच्या भाकरीला नाव ठेवायचं नाय."

गंगूवहिनी म्हणाली, "आज सासूला उलट बोलायचं नाय." मग विचार करून म्हणाली, "दुपारपर्यंत."

"दुपारनंतर काय?"

"दुपारनंतर ती झोपून उठते ना!"

सगळ्या हसल्या. तू हसलीस आणि म्हणालीस, "दुपारपर्यंत तं दुपारपर्यंत. उद्या चहापर्यंत वाढव." कुणाला टोचून न बोलता तू माणसांना हलवायला शिकली होतीस. चाळिशी उलटल्यावर जोडाक्षरं शिकलीस, त्याच विहिरीच्या कट्ट्यावर बसून. वर्तमानपत्राचा तुकडा मोठ्याने वाचायचीस, अडलीस की हरीच्या बायकोला विचारायचीस. सासूने सुनेला विचारायचं, तेही चार बायकांसमोर. मी तुझ्याहून मोठी, जास्त शिकलेली, आणि मला अजून ते जमत नाही.

आणि मी आजारी पडले तेव्हाचं. टायफॉइडने मला अंथरुणाला खिळवलं होतं. ताप उतरला पण उठवेना. नवऱ्याने कशीबशी खाणावळ चालवली, डाळीत एक दिवस मीठ नाही आणि दुसऱ्या दिवशी दोनदा. तू निरोप न पाठवता आलीस. पहाटे माझ्या उशाशी उभी.

"ऊठ."

"मी मेलेय."

"मेलेली माणसं बोलत नाय. ऊठ."

काखेत हात घालून उठवलंस. अंगणाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत चालवलंस. मी तुला काय काय बोलले ते लिहीत नाही, अंकात छापायचं आहे. तू ऐकून घेतलंस आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उशाशी. तू होतीस म्हणून मी उभी राहिले, इंदू. हे तोंडावर सांगितलं नव्हतं. आपल्यात तसलं बोलायची पद्धत नाही.

पण तिथेच, सालवडला, पहिल्या पहाटे, तू आमच्या विहिरीचं पाणी तोंडात घेतलंस आणि तोंड वाकडं केलंस.

"हे कसलं पाणी ग? मेलेलं लागतं. चवच नाय."

"पाण्याला कसली चव असते?"

"आमच्या पाण्याला हाय." आणि मग म्हणालीस, "खडाभर मीठ दे."

मी मिठाचा खडा दिला. तू तो तांब्यात टाकलास, बोटाने हलवलास आणि समाधानाने पाणी प्यालीस. डब्यासाठी उभा असलेला एक कामगार पाहत होता. म्हणाला, "बहनजी, पानी में नमक कौन डालता है?"

"आमी डालते," तू म्हणालीस.

तो हसला, तूही हसलीस. मला हसू आलं नाही. मिठाशी माझा रोजचा व्यवहार आहे. कोणाला किती लागतं हे मला ताट परत आल्यावर कळतं. पाण्यात मीठ मागणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. अंगात कणकण होती तरी मी ठरवलं, उठता यायला लागलं की आधी माहीमला जायचं.

आले तेव्हा चैत्र होता. तू चहा केलास. दूध घातल्यावर त्याचे बारीक कण झाले. घोट घेतला तर मचूळ. मी आत जाऊन माठातलं पाणी प्याले. मचूळ. बाहेर येऊन विहिरीतलं ओंजळीने प्याले. तेच.

"इंदू, पाणी खारं झालंय."

"तुझी जीभ तापाने बिघडलीय."

मी मग घरभर फिरले. माठाच्या पोटाला बाहेरून पांढरी बुरशी आल्यासारखं दिसत होतं. बोटाने खरवडून चाखलं, मीठ. पाट सुकला होता तिथे कडेने पांढरी रेघ. पानवेलीच्या पानांच्या कडा करपलेल्या. चुलीवर तूरडाळ सकाळपासून रटरटत होती आणि दाणा अख्खा. न्हाणीत साबणाला फेस येईना. एकेक तुला दाखवलं. डाळ जुनी आहे, तू म्हणालीस. साबण नकली आहे. माठ कच्चा भाजलाय. पानांना ऊन लागलंय. प्रत्येकाला तुझ्याकडे वेगळं कारण होतं. माझ्याकडे सगळ्याला मिळून एकच होतं आणि ते तुला नको होतं.

जेवताना तू अभिमानाने म्हणालीस, "आमटी खाऊन बघ. आमच्याकडे आता मीठ नावाला घालतो. पहाट पाळायला लागल्यापासून जीभ शुद्ध झाली, मीठ लागतच नाय." हरीची बायको मान हलवत होती. जेवायला थांबलेली गंगूवहिनी म्हणाली, तिच्याकडेही तसंच. सगळ्या आळीत तसंच. ज्या ज्या घरी तुझ्या विहिरीचं पाणी जात होतं त्या प्रत्येक घरात मिठाचा हात आखडला होता आणि प्रत्येक घर ते आपलं पुण्य समजत होतं.

मी म्हटलं, "मीठ कमी नाय झालं, बायांनो. ते आता बरणीतून येत नाय, विहिरीतून येतं."

मग गंगूवहिनी म्हणाली, "अक्का, सालवडला समुद्र नाय म्हणून तुमाला सगळीकडे त्याचा वास येतो." आणि पुन्हा हसणं. तू हसली नाहीस. तू माझ्याकडे पाहत होतीस. तुला पटलं होतं, इंदू, असं मला तेव्हा वाटलं. अजून वाटतं.

मग पाऊस झाला, विहीर भरली, पाणी गोड झालं आणि तू हरीबरोबर निरोप धाडलास, ये आणि चाख. मी आले. चाखलं. गोड होतं. तू विजयाने चहा पाजलास, दूध फाटलं नाही.

पण पुढच्या साली होळीच्या आधीच ते मचूळ झालं. तुम्हाला कोणालाच कळलं नाही. ते एका दिवसात होत नाही ना. आजचं पाणी कालच्या पाण्यासारखंच लागतं, उद्याचं आजच्यासारखं. मी महिन्या-दोन महिन्यांनी यायचे म्हणून मला कळायचं. यंदा संक्रांतीला तिळगूळ घेऊन आले तर संक्रांतीलाच. आणि आता आळीत इंजिनं किती झाली होती! तुझं पाहून एकेकाने घेतली. पहाटे तुझं सुरू झालं की पलीकडचं, मग त्याच्या पलीकडचं. ओटीवर बसून ऐकलं तर जमिनीखालून कोणीतरी छाती ठोकतंय असं वाटायचं. वरून गोडं पाणी उपसायचं, मग खालून काय येणार?

त्याच खेपेला तुझे पाय पाहिले. घोट्यावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला. तुला जबरदस्तीने पालघरला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, पुन्हा फुगवला. रक्तदाब फार आहे म्हणाले. गोळ्या लिहून दिल्या. मीठ, लोणचं, पापड, सुकी मासळी बंद.

"डॉक्टरसाहेब, मी मीठ खातच नाय," तू म्हणालीस. खोटं बोलत नव्हतीस.

मी म्हटलं, "हिचं पाणी खारं आहे."

"जरा मचूळ असतं किनाऱ्याला," ते म्हणाले. "जमलं तर दुसरं प्या." दाराबाहेर रांग होती.

एसटीत आपण भांडलो. सगळी गाडी ऐकत होती. मी म्हटलं, गावाच्या वरच्या अंगाला जुनी विहीर आहे, तिथून प्यायचं पाणी आण. एक घागर. तू म्हणालीस, "माझी विहीर सोडून मी दुसऱ्यांच्या दारात घागर घेऊन जाऊ? आणि या बायकांना काय सांगू? ज्या पाण्याने तुमी बऱ्या झालात ते वाईट हाय म्हणून?"

"हो. तेच सांग."

"त्या पाण्याने बऱ्या नाय झाल्या तं कशाने झाल्या?"

"चालल्याने. गप्प बसल्याने. दुपारपर्यंत तोंड बंद ठेवल्याने."

तुला हसू आलं आणि तू ते दाबलंस. मग मी मूळ गोष्टीला हात घातला. म्हटलं, इंदू, एक हंगाम इंजिन बंद ठेव. विहिरीला दम खाऊ दे. बैल आण, रहाट लाव, जेवढं पाणी आपसूक येतं तेवढंच घे. चार वेली जातील तर जाऊ दे.

तू खिडकीकडे तोंड वळवलंस. मला वाटलं, पुन्हा पळी येते. तू म्हणालीस, "अक्का, मी पुन्हा बैलामागे फिरू? ती पहाट मना परत नको. मेले तरी नको."

मी तुला त्या बैलामागे पाहिलं होतं. माणूस ज्या इंजिनामुळे माणसात आलं ते इंजिन बंद कर, हे सांगणारी मी कोण? आणि दिसत असून सांगायचं टाळणारी तरी मी कोण? माहीमला उतरलो. मी त्याच एसटीने परतले. तू म्हणालीस, "पोचलीस की निरोप दे." मी निरोप दिला नाही. आपलं शेवटचं बोलणं ते.

पाण्याने तू गेलीस असं मी म्हणत नाही. डॉक्टरही म्हणत नाहीत. रक्तदाब आपल्या आईलाही होता. गोळ्या तू खंड न पाडता घेत होतीस, हरीच्या बायकोने रिकाम्या पुड्या दाखवल्या. रोज पहाटे, पोटभर पाण्याबरोबर.

तू गेल्याचं कळलं तशी मी आले ती इथेच आहे. पहिल्या दिवशी तोंड धुतलं, प्यायला घोट घेतला आणि थुंकून टाकला, एवढं पाणी खारं होतं. स्वयंपाक माझ्याकडे आला. येणाऱ्या-जाणाऱ्यांचं करायचं, म्हणजे खाणावळच. वरच्या विहिरीवरून पाणी आणायला कोणी मोकळं नव्हतं. डाळ शिजेना म्हणून सोडा घातला. मिठाचा अंदाज चुकू नये म्हणून दर वेळी चाखून घालत होते. काम होतं ते बरं होतं. हात रिकामा राहिला की तुझा तो माड दिसायचा.

हरी ओटीवर माझ्याशेजारी येऊन बसला. मी म्हटलं, "हरी, इंजिनाचं काय करणार?"

"काढून टाकणार, मावशी."

मला बरं वाटलं. तेवढ्यात म्हणाला, "तारापूरचं सुरू झालं की वीज येणार. मग मोटर बसवतो. दांडा नको, डिझेल नको. बटण दाबलं की दिवसरात्र पाणी. आईला पाहायचं होतं ते."

तुला पाहायचं होतं. मला ठाऊक आहे. तिकडून सुरुंगाचा आवाज आला की तू म्हणायचीस, आपला दिवा येतोय. मी हरीला सगळं समजावलं. पानं दाखवली, पाटाची रेघ दाखवली. त्याने तुझ्यासारखंच ऐकलं, मान खाली घालून. आणि तुझ्यासारखंच म्हणाला, "ऊन लागलंय." त्याचं तरी काय चुकलं? वाडीवर घर चालतं. बायकोला दिवस गेलेत. तीही तेच पाणी पिते, तुझ्या गडूतलं, तू शिकवलंस तसं, अनशापोटी.

आज पहाटे बायका आल्या. तू गेल्यापासून, सुतकाचे सगळे दिवस, आल्या नव्हत्या. मी विहिरीवर होते. सगळ्यांच्या हातात तांबे. गंगूवहिनी पुढे झाली.

"अक्का, इंदू नाय तं तुमी. मोडायचं नाय हे. तुमी पहिला घोट घ्या, मंग आमी."

मला हीच वेळ हवी होती, इंदू. तुझ्यासमोर त्या माझं ऐकत नव्हत्या. आता ऐकणार होत्या. मी मनात बोलणं जुळवलं होतं. सगळ्यांसमोर घोट घ्यायचा, तिथेच थुंकायचा आणि म्हणायचं, बघा, माझी जीभ बाहेरची आहे, ती सांगते आहे. मग वरच्या विहिरीची गोष्ट काढायची. पहाट पाळा, पाणी बदला. चाला, बसा, ठरवा, त्यातलं काहीच सोडायला नको. तुझं सगळं राहील, फक्त पाणी जाईल. हरीची बायको दारात उभी होती, तिलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलायचं ठरवलं होतं.

गंगूवहिनीने तांब्या दिला. मी मोठा घोट घेतला.

पाणी गोड होतं.

दुसरा घेतला. गोड. मला वाटलं, हे वरच्या विहिरीचं असेल. विचारलं, "कुठलं पाणी हे?"

"कुठलं म्हणजे? हेच, इंदूचं. रात्री मीच भरून नेलं होतं."

मी खाली विहिरीत पाहिलं. पाऊस लांब आहे. पाणी पहिल्या दिवसापेक्षा आणखी खाली गेलेलं. काठाच्या दगडावर ती पांढरी रेघ तशीच. बदललं होतं ते पाणी नव्हे. मी रोज हेच प्याले, याच पाण्यात शिजवलं, चाखून चाखून मीठ घातलं, आणि माझी जीभ, जिच्यावर माझं घर चालतं, ती केव्हा तुझी झाली मला कळलंही नाही.

इंदू, मी आयुष्यात तुला कधी भ्याले नाही. तिथे उभी राहून मी भ्याले. तू हट्टी होतीस, तुला पटलं होतं तरी तू मानलं नाहीस, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तुला खरंच गोड लागत होतं. तू दर वेळी मला खरं तेच सांगत होतीस.

"काय झालं, अक्का?" गंगूवहिनीने विचारलं. "कसं लागलं?"

सगळ्या वाट पाहत होत्या. खारं आहे, असं म्हणता आलं असतं. एक शब्द. त्यांनी मानलंही असतं. पण तुझ्या विहिरीवर उभं राहून मला ते बोलवेना, आणि खोट्याने हे काम होणारही नव्हतं. घरी जाऊन त्या चाखणार, त्यांना गोड लागणार आणि मी खोटी पडणार.

मी तांब्या ओतून टाकला.

"गोड लागलं," म्हटलं. "आले तेव्हा याच पाण्याचा घोट मी थुंकला होता. आता गोड लागतंय. म्हणून सांगते, पिऊ नका."

त्या एकमेकींकडे पाहायला लागल्या. गंगूवहिनी म्हणाली, "गोड हाय तं का नाय प्यायचं?" मी पुन्हा सांगितलं. आणखी सोपं करून सांगितलं. एकीने तांब्या खाली ठेवला. दुसरी म्हणाली, अक्काला दुःखाने असं होतंय, बोलू नका. दारात हरीची बायको पोटावर हात ठेवून माझ्याकडे पाहत होती. मी तिच्याकडे गेले आणि तिच्या हातातला गडू घेतला. तिने सोडला. एवढंच एक काम आज झालं.

उद्या उजाडायच्या आत तिला घेऊन मी वरच्या विहिरीवर जाणार आहे, चालत. ज्यांना यायचं त्या येतील. पण मला आता माझ्या जिभेचा भरवसा नाही, म्हणून सालवडला नवऱ्याला निरोप धाडलाय, की खाणावळ दोन दिवस बंद ठेवून इकडे या, आणि येताना वाटेत कुठे पाणी पिऊ नका. त्यांना इथे आणून दोन्ही विहिरींचं पाणी चाखायला देणार आहे. वरच्या विहिरीचं आधी. आज दुपारी मी ते आणवून प्याले, इंदू. गोडच लागलं. पण मला आता सगळंच गोड लागतं.